पाटीवर कोणता नंबर लिहावा?

भंडारा शहराच्या बाजारातून फिरताना दुकानांच्या पाट्या वाचत जाण्याची आम्हाला सवय आहे. पितळी भांड्यांची दुकाने, सायकल दुरुस्ती, पिठाची गिरणी, बियाणे आणि खते, शिवणकाम. प्रत्येक पाटीवर दुकानाचे नाव असते आणि त्याखाली दहा आकड्यांचा एक नंबर असतो. नाव ठरवायला मालकाने महिनाभर घातलेला असतो. नंबर मात्र बहुधा ज्याचा फोन त्या वेळी हाताशी होता, त्याचा असतो.

ही निवड किती महत्त्वाची आहे, हे आम्हाला एका कोशाच्या साडीमुळे कळले. मोहाडी आणि आंधळगावचे कोसा कापड प्रसिद्ध आहे. काही वर्षांपूर्वी घेतलेल्या साडीच्या खोक्यावर विणकराचा नंबर छापलेला होता. शाळेतल्या एका कार्यक्रमासाठी आणखी कापड हवे होते, म्हणून आम्ही तो नंबर फिरवला. पलीकडून मराठवाड्यातले एक गृहस्थ बोलले. त्यांचा कापडाशी काहीही संबंध नव्हता. "आठवड्याला दोन-तीन फोन येतातच साड्यांसाठी," ते वैतागून म्हणाले. पुढे आम्ही गावात जाऊन त्या विणकरांना भेटलो. ते म्हणाले, "सर, सिम पोराच्या नावावर होतं. पोरगा गेला पुण्याला कामाला. त्यानं नवा नंबर घेतला, जुन्यात पैसे टाकले नाहीत. आम्हाला वाटलं, गिऱ्हाईकच कमी झालं."

गिऱ्हाईक कमी झाले नव्हते. ते फोन करत होते, पण भलत्याच घरी. हे का घडते आणि कसे टाळता येईल, हे समजून घ्यायचे तर आधी फोन नंबर ही काय वस्तू आहे ते पाहायला हवे.

नावाऐवजी आकडे का आले?

सुरुवातीच्या टेलिफोनला नंबर नव्हतेच. एक्स्चेंजमधल्या ऑपरेटरला नाव सांगायचे आणि तो तारा जोडून द्यायचा. १८७९ साली अमेरिकेतल्या लॉवेल या गावात गोवराची साथ आली. ऑपरेटर आजारी पडले, तर नव्या माणसाला दोनशेहून अधिक ग्राहकांच्या जोडण्या पाठ होईपर्यंत गावाचा टेलिफोन बंद पडेल, अशी भीती तिथले डॉक्टर मोझेस पार्कर यांना वाटली. त्यांनी ग्राहकांना क्रमांक देण्याची सूचना केली.

पुढची पायरी एका लहान व्यावसायिकाने गाठली. कॅन्सस सिटीतला आल्मन स्ट्रोजर अंत्यविधीची व्यवस्था करून देण्याचा व्यवसाय करत असे. असे सांगतात, की गावातल्या ऑपरेटर बाई त्याच्या स्पर्धकाच्या नात्यातल्या होत्या आणि स्ट्रोजरसाठी आलेले फोन त्या स्पर्धकाकडे जोडून देत. चिडलेल्या स्ट्रोजरने ऑपरेटरची गरजच न ठेवणारे यंत्र शोधले. १८९१ मध्ये त्याला त्याचे पेटंट मिळाले आणि १८९२ मध्ये इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट येथे असे पहिले स्वयंचलित एक्स्चेंज सुरू झाले. ग्राहकाने फिरवलेल्या प्रत्येक आकड्यासरशी यंत्र एकेक पायरी पुढे सरकत असे. म्हणजे नंबर हे नुसते नाव राहिले नाही. तो यंत्राला दिलेला रस्ता झाला.

हा रस्ता आजही आपल्या लँडलाइनच्या नंबरात दिसतो. भंडाऱ्याचा एसटीडी कोड ०७१८४ आहे. त्यातला ० म्हणजे 'गावाबाहेर जायचे आहे' ही खूण. पुढचा ७ आपल्याला विदर्भ, मध्य प्रदेश आणि छत्तीसगडच्या दिशेने नेतो. नागपूर ७१२, अमरावती ७२१, भोपाळ ७५५, रायपूर ७७१. त्यानंतर ७१ ही नागपूरभोवतालची फांदी. वर्धा ७१५२, चंद्रपूर ७१७२, गोंदिया ७१८२, तुमसर ७१८३, भंडारा ७१८४. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा भंडाऱ्यापासून वेगळा झाला, पण टेलिफोनच्या झाडावर दोघे अजून शेजारीच बसलेले आहेत.

आणखी एक गोष्ट मुलांना शोधायला सांगता येईल. नागपूरचा कोड तीन आकडी आहे आणि तिथला स्थानिक नंबर सात आकडी. भंडाऱ्याचा कोड चार आकडी, स्थानिक नंबर सहा आकडी. मुंबईचा कोड २२ असा दोनच आकडी, स्थानिक नंबर आठ आकडी. (सुरुवातीचे शून्य यात धरलेले नाही.) बेरीज प्रत्येक वेळी दहा येते. जिथे टेलिफोन जास्त, तिथे स्थानिक आकडे जास्त लागतात, म्हणून कोड आखूड ठेवला जातो.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पहिला मोबाइल कॉल झाला. मोबाइलचा नंबरही दहाच आकड्यांचा ठेवला गेला, पण त्यातून गावाचा पत्ता निघून गेला. सुरुवातीच्या आकड्यांवरून कंपनी आणि राज्य ओळखता येत असे. २० जानेवारी २०११ पासून देशभर नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय झाली, तेव्हा तीही ओळख पक्की राहिली नाही. आजचा मोबाइल नंबर म्हणजे अर्थ नसलेले दहा आकडे. ते लक्षात ठेवण्याचे सगळे ओझे माणसावर आले.

डोक्यात किती आकडे मावतात?

१९५६ साली जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञाने एक लेख लिहिला. एकदा ऐकून लगेच परत सांगायच्या गोष्टी माणसाला साधारण सात, दोन कमी किंवा दोन जास्त, इतक्याच धरून ठेवता येतात, असे त्याने मांडले. पुढच्या संशोधनात हा आकडा चारच्या जवळपास आणला गेला. पण मिलरचा महत्त्वाचा मुद्दा टिकून आहे: मोजायच्या त्या 'गोष्टी' म्हणजे सुटे आकडे नव्हेत, तर गट. १, ९, ४, ७ हे चार सुटे आकडे आहेत. १९४७ ही मात्र एकच गोष्ट आहे.

म्हणून दहा आकडे सलग लिहिण्यापेक्षा पाच-पाच किंवा तीन-तीन-चार असे तोडून लिहिलेला नंबर पटकन बसतो. जुन्या लँडलाइनची सोय इथेच होती. भंडारा शहरातल्या बहुतेक लँडलाइन क्रमांकांची सुरुवात २५ ने होते. कोड सर्वांना पाठ, २५ सर्वांना पाठ, म्हणजे गावकऱ्याला नवे आकडे फक्त चार लक्षात ठेवायचे. मोबाइलमध्ये ही सवलत नाही.

मग 'सोपा' नंबर मिळणे किती अवघड आहे? त्यासाठी थोडे गणित करू. मोबाइल नंबराचे शेवटचे सहा आकडे घ्या. ते कसेही आले आहेत असे मानू. त्यात शेजारी-शेजारी सारखे आकडे कुठेच नसण्याची शक्यता ०.९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.५९ आहे. याचाच अर्थ, एखादी तरी जोडी असण्याची शक्यता सुमारे ४१ टक्के. उलट ४७२४७२ सारखे, तीन आकडे तसेच्या तसे पुन्हा येणारे नंबर दहा लाखांत एक हजार, म्हणजे हजारात एक. दुकानदाराने निवडायला वीस नंबर दाखवले, तर असा नंबर सापडण्याची शक्यता दोन टक्केच, पण एखादी जोडी असलेले नंबर सातआठ तरी निघतील. तेव्हा 'फॅन्सी' नंबरासाठी जास्त पैसे मोजण्याआधी समोरच्या यादीतच नीट पाहावे. कामापुरता सोपा नंबर बहुधा तिथेच असतो.

कानाची चूक, डोळ्याची चूक

नंबर लक्षात राहण्याआधी तो नीट पोचावा लागतो. इथे आपल्या भाषेच्या काही खोड्या आहेत.

मराठीत आपण 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी आणि वीस नंतर. लिहिताना मात्र २ आधी, ५ नंतर. घाईत ऐकणाऱ्याने ५२ लिहिण्याची भीती इथेच असते. 'एकोणसाठ' म्हणजे ५९, पण कानावर साठ पडते. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस पाच' असे वाचनही दिले गेले, तेव्हा केवढा वाद झाला होता हे शिक्षकांना आठवत असेल. वर्गात कोणती पद्धत योग्य, हा प्रश्न वेगळा. पण फोनवर नंबर सांगताना जोड्यांऐवजी सुटे आकडे सांगणे निश्चितच सुरक्षित आहे. भंडाऱ्याच्या बाजारात मराठी आणि हिंदी दोन्ही चालतात. एकाने 'एकोणऐंशी' म्हणावे आणि दुसऱ्याने 'उन्यासी' समजून घ्यावे, यात गोंधळ व्हायला वेळ लागत नाही.

सुट्या आकड्यांतही एक अडचण आहे. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनमधून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंप्रतेचा आवाज पलीकडे जातो. 'स'चा सीत्कार बराचसा याच्या वर असतो, म्हणून तो गाळला जातो. 'सात' आणि 'आठ' हे शब्द पाहा. मधला 'आ' दोन्हींत आहे. सुरुवातीचा 'स' पुसट झाला आणि शेवटचा त किंवा ठ नीट ऐकू आला नाही, तर फरक उरतोच किती? 'साठ' आणि 'आठ' यांचेही तेच. नव्या फोर-जी पद्धतीच्या कॉलमध्ये दुप्पट रुंदीचा पट्टा वापरला जातो, त्यामुळे आवाज स्वच्छ येतो. पण दोन्ही बाजूंना तशी सोय असेल तरच.

आता डोळ्याची चूक. मराठी पाटीवर मराठी अंक असावेत, असे आम्हालाही वाटते. पण भंडारा, लाखनी, साकोली ही गावे राष्ट्रीय महामार्ग ५३ वर आहेत. हा पूर्वीचा क्रमांक ६, नागपूरहून रायपूरमार्गे कोलकात्याकडे जाणारा. ओडिशा किंवा बंगालच्या वाहनचालकाला आपला '१' हा आंतरराष्ट्रीय अंकांतल्या नऊसारखा दिसू शकतो आणि '४' हा आठसारखा. पंक्चरचे दुकान चालवणाऱ्याला हेच तर गिऱ्हाईक हवे असते. म्हणून रस्त्यावरच्या पाटीवर दुकानाचे नाव मराठीत आणि नंबर दोन्ही अंकांत लिहावा. एकाच नंबरात दोन्ही तऱ्हेचे अंक मात्र कधीही मिसळू नयेत.

चूक पकडणारा आकडा फोन नंबरात नाही

चूक झाली तर यंत्राला कळत नाही का? काही ठिकाणी कळते. आधार क्रमांकाचा बारावा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने ठरतो. एक आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि संगणक क्रमांक नाकारतो. पुस्तकांवरच्या आयएसबीएन क्रमांकाचा आणि बँकेच्या कार्डाचा शेवटचा आकडाही असाच राखणदार असतो.

तो कसा काम करतो, हे मुलांना लहान उदाहरणाने दाखवता येते. २७३४ हा अंक घ्या. आकड्यांची बेरीज १६. चुकून २३७४ लिहिले तरी बेरीज १६ च, म्हणजे नुसत्या बेरजेने चूक पकडली जात नाही. आता पहिल्या आकड्याला १ ने, दुसऱ्याला २ ने, तिसऱ्याला ३ ने, चौथ्याला ४ ने गुणून बेरीज करा. पहिल्याची ४१ येते, दुसऱ्याची ४५. जागेला वजन दिले की अदलाबदल उघडी पडते.

फोन नंबरात असा आकडा नाही. मोबाइल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतो. पहिला आकडा चुकून दुसरा चालू शकणारा आकडा पडण्याचे ३ मार्ग, उरलेल्या नऊ जागी प्रत्येकी ९, म्हणजे ८१. एकूण ८४ नंबर असे आहेत की जे तुमच्या नंबरापासून फक्त एका आकड्याने दूर आहेत. असे एकूण ४०० कोटी नंबर शक्य आहेत आणि देशात सुमारे ११५ कोटी मोबाइल जोडण्या आहेत. ढोबळ मानाने, त्या ८४ पैकी वीसपंचवीस नंबर कुणाच्या तरी खिशात वाजत असणार. शेजारच्या दोन आकड्यांच्या अदलाबदलीने होणाऱ्या चुका वेगळ्याच. (दोन आकडे सारखे असतील तर तिथे अदलाबदलीने काही बिघडत नाही. जोड्या असलेल्या नंबराचा हा आणखी एक फायदा.)

थोडक्यात, चुकीचा फोन रिकाम्या जागी जाईलच असे नाही. तो दुसऱ्या घरी जातो. गणिताचा राखणदार नाही, तेव्हा राखणदार आपणच व्हायचे. नंबर घेणाऱ्याने तो परत म्हणून दाखवावा, आणि शक्य असेल तर समोरच एक मिस्ड कॉल द्यावा. पाटी रंगवून झाल्यावर पेंटरला पैसे देण्याआधी पाटीवर पाहून, आठवणीतून नव्हे, तो नंबर फिरवून पाहावा. खोकी किंवा कार्डे छापायला देण्याआधी प्रुफावरूनही तेच करावे.

नंबर कुणाचा असतो?

आता पुन्हा विणकरांकडे येऊ. त्यांचा नंबर सोपा होता, बरोबर छापलेला होता. तरी तो हातचा गेला. कारण नंबर आपल्या मालकीचा नसतो, तो वापरायला मिळालेला असतो. नव्वद दिवस काहीही वापर झाला नाही, तर कंपनीला जोडणी बंद करता येते. बंद झाल्यावर आणखी किमान नव्वद दिवस तो नंबर राखून ठेवतात आणि मग दुसऱ्या ग्राहकाला देतात. २०२३ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि जुन्या नंबरावरची आपली माहिती काढून टाकण्याची जबाबदारी ग्राहकाचीही आहे, असे तिथे स्पष्ट झाले. म्हणजे सहा महिन्यांचे दुर्लक्ष पुरते. त्यानंतर खोक्यावरचा नंबर परक्याच्या घरी वाजू लागतो.

याहून गंभीर गोष्ट अशी, की तोच नंबर बँकेला आणि यूपीआयला जोडलेला असला, तर पैशांच्या व्यवहाराचे संदेशही त्या परक्याकडे जाऊ लागतात. म्हणून पाटीवरचा नंबर आणि बँकेतला नंबर वेगळे असावेत. पाटीवरचा नंबर जगासाठी आहे, त्यावर फसवणुकीचे फोनही येणारच.

सिम कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्नही इथेच येतो. कागदोपत्री ज्याचे नाव, नंबर त्याचा. दुकानात काम करणाऱ्या मुलाच्या किंवा पुतण्याच्या सिमचा नंबर पाटीवर लिहिला, तर तो माणूस गेल्यावर गिऱ्हाईकही त्याच्यामागे जाते. घरातल्या मुलीचा नंबर पाटीवर रंगवण्याची चूकही आम्ही पाहिली आहे. तिला रात्री-अपरात्री अनोळखी फोन येत राहिले. शेवटी तिलाच नंबर बदलावा लागला, आणि पाटी तशीच राहिली. आपल्या नावावर किती सिम आहेत, हे दूरसंचार विभागाच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर २०२३ पासून पाहता येते. एका माणसाला साधारणपणे नऊ सिम घेता येतात.

मग निवड कशी करावी?

समजा, भंडाऱ्यात पितळी भांड्यांचे एक दुकान आहे. पुढे तीन पर्याय आहेत.

पहिला, लँडलाइन. ०७१८४ वाचताच दुकान भंडाऱ्यातले आहे, हे नागपूरच्या गिऱ्हाइकाला कळते. हा फोन खिशात बसून गावाला जात नाही. जुन्या तांब्याच्या तारेला एक्स्चेंजमधूनच ४८ व्होल्टचा पुरवठा असे, त्यामुळे वीज गेली तरी फोन वाजत असे. नव्या फायबरच्या जोडणीत तसे नाही. घरातल्या उपकरणाला वीज लागते, म्हणून बॅटरीची सोय करावी लागते. शिवाय जागा दूर बदलली तर नंबर बदलू शकतो, आणि फोनवर येणारे लेखी संदेश मिळत नाहीत.

दुसरा, दुकानासाठी स्वतंत्र मोबाइल. फोटो पाठवता येतात, भाव विचारता येतो, कंपनी बदलली तरी नंबर टिकतो. लहान व्यवसायाला बहुधा हाच सोयीचा. अट एवढीच, की सिम मालकाच्या नावावर असावे, फोन दुकानातच राहावा आणि रिचार्जची तारीख कॅलेंडरवर लिहिलेली असावी.

तिसरा, १८०० ने सुरू होणारा निःशुल्क क्रमांक. त्यात फोन करणाऱ्याचा खर्च दुकानदार भरतो. आता बहुतेकांचे बोलणे रिचार्जमध्येच येते, तेव्हा एका दुकानाला त्याची गरज क्वचितच भासते.

मोबाइल नंबर पाटीवर लिहिताना फक्त दहा आकडे लिहावेत. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना आधी शून्य लावावे लागते, पण ते फोन करणाऱ्याने लावायचे आहे. परदेशी गिऱ्हाईक असेल तरच पुढे ९१ लिहावे. आणि नंबर एकच असावा. तीन नंबर लिहिले की त्यातला कोणता चालू आहे, हे काही दिवसांनी मालकालाही आठवत नाही.

वर्गात करून पाहा

मुलांना गावातल्या दहा पाट्यांचे निरीक्षण करायला सांगा. नंबर किती अंतरावरून वाचता येतो? कसा तोडून लिहिला आहे? अंक कोणते आहेत? (नंबर उतरवून आणायचे नाहीत आणि फोनही करायचे नाहीत. नंबर ही माणसांची खासगी गोष्ट आहे, हाही या धड्याचाच भाग.) नंतर वर्गात सहा आकड्यांचे काल्पनिक नंबर एकाने दुसऱ्याच्या कानात सांगत शेवटच्या बाकापर्यंत न्या. एकदा जोड्यांनी, एकदा सुट्या आकड्यांनी, एकदा प्रत्येकाने परत म्हणून दाखवून. किती चुका झाल्या, ते फळ्यावर मांडा. आमच्या अनुभवात परत म्हणण्याची पद्धत दर वेळी जिंकली.

मोहाडीच्या विणकरांनी आता स्वतःच्या नावावर सिम घेतले आहे. नंबर काही फार सोपा नाही, मध्ये एक जोडी आहे एवढेच. नव्या खोक्यांवर तो पाच-पाच आकड्यांत छापला आहे. छापण्याआधी त्यांनी प्रुफावर बोट ठेवून एकेक आकडा फिरवला, आणि खिशातला फोन वाजल्यावरच मुद्रकाला हो म्हटले.